उलट्या अक्षरांचा मुलूख

चित्रकाराला प्रेरणा कुठे मिळते, हा संपादकांनी या अंकासाठी ठरवलेला विषय. मुद्राचित्रण, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून, ठोकळ्यावरून किंवा शिळेवरून चित्र छापण्याची कला, करणाऱ्यापुरते त्याचे उत्तर सहसा तयारच असते. मुंबई गाठावी, जहांगीर कलादालनातली प्रदर्शने बघावीत, जे. जे. कला महाविद्यालयातल्या मुद्राचित्रणाच्या विभागात डोकावावे. जमल्यास बडोद्याला १९९९पासून चालू असलेल्या ‘छाप’ या कार्यशाळेत थोडे दिवस काढावेत, भोपाळच्या भारत भवनात १९८९पासून भरत आलेली मुद्राचित्रांची आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिकी पाहावी. सातारा-सांगलीकडच्या कलाविद्यार्थ्याला त्याचे शिक्षक हेच सांगतात आणि त्यांचा सल्ला खोटा नाही. मात्र त्याच्या पोटात एक गृहीतक असते. कृष्णेच्या खोऱ्यात ऊस पिकला, हळद पिकली, नाटक आणि गाणे पिकले, पण छापलेल्या चित्राशी या मुलखाचा काही संबंध नाही, असे ते गृहीतक. मिरज, औंध आणि किर्लोस्करवाडी एवढाच फेरा त्या नजरेने केला तरी ते टिकत नाही. धातूवर बारीक कोरणारा हात इथे आहे, दाब देणारे यंत्र घडवणारे कारखाने आहेत आणि छापलेल्या कागदाची जुनी माया आहे. ही सगळी मंडळी एकमेकांना भेटतील अशी जागा तेवढी नाही. म्हणून या लेखाचा आग्रह असा की इथल्या मुद्राचित्रकाराने प्रदर्शनाच्या भिंतीआधी कारागिराच्या बैठकीशी जावे, आणि या दोन जिल्ह्यांत मुद्राचित्रांसाठी काही उभे करायचेच असेल तर कलादालनाआधी कार्यशाळा उभी करावी.

मिरजेची गीता

१८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली, तीही तांब्याच्या पत्र्यांवरून. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याभोवती १७९०च्या आसपास पुण्यात चित्रकारांचा एक गोतावळा जमला होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्यातला मुख्य. त्याच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार वेरूळ-कार्ल्याची लेणी कागदावर उतरवत होता. वेल्स १७९५मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने वेरूळच्या चोवीस दृश्यांचा संच १८०३मध्ये लंडनहून प्रसिद्ध केला. पुण्यात याच मंडळींच्या सहवासात एका तांबट कारागिराला तांब्यावर देवनागरी अक्षरे कोरून छापण्याची विद्या शिकवली गेली होती आणि तिला नाना फडणविसांचे उत्तेजन होते. १८००मध्ये नाना गेले, पुण्याची घडी विस्कटली आणि तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला. तिथे गीतेचे पत्रे कोरले गेले आणि त्यांवरून पोथी छापून निघाली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाचा इतिहास लिहिताना या गीतेची सविस्तर दखल घेतली आहे. शाळेतल्या पुस्तकांत मात्र मराठी मुद्रणाची गोष्ट बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपासून सुरू होऊन थेट मुंबईला येते, मिरज त्यात क्वचितच भेटते.

तांब्यावर अक्षर कोरणे या प्रदेशाला नवे नव्हते. साताऱ्याला मिळालेला चालुक्य विष्णुवर्धनाचा ताम्रपट सातव्या शतकातला आहे. सांगलीच्या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रकूट राजा चौथा गोविंद याचा ताम्रपट शके ८५५मधला, म्हणजे इ. स. ९३३चा आहे. धातू तोच, कोरणीही जवळपास तीच. पण ताम्रपटावरचे अक्षर पत्र्यावरच वाचायचे, म्हणून ते सुलटे असते. मिरजेच्या पत्र्यावरचे अक्षर कागदावर जाण्यासाठी होते, म्हणून ते उलटे कोरावे लागले. काना अक्षराच्या डावीकडे, पहिल्या वेलांटीचा दांडा उजवीकडे, ओळीची सुरुवात उजव्या टोकाला. अठरा अध्याय, सातशे श्लोक अशा रीतीने कोरायचे म्हणजे काय, याचा अंदाज घ्यायचा असेल तर आपले नाव आरशात सुलटे दिसेल असे एकदा कागदावर लिहून पाहावे. दोन-तीन अक्षरांतच ध्यानात येते की हाताची सवय काही कामाची नाही. प्रत्येक गाठ, प्रत्येक वळण नव्याने बघावे लागते. जन्मभर सहज लिहिलेला ‘श्र’ किंवा ‘क्ष’ पहिल्यांदाच आकार म्हणून समोर उभा राहतो. मुद्राचित्रकाराचे शिक्षण इथून सुरू होते. नेहमीची ओळख मोडते आणि डोळा ताजा होतो. प्रेरणा म्हणून आपण ज्याला मोघमपणे हाक मारतो, त्यातला मोठा भाग हाच असतो, आणि तो दुसऱ्याचे चित्र पाहून फारच थोडा मिळतो.

आता कोणी म्हणेल, गीता हा मजकूर आहे, चित्र नव्हे. मजकुराच्या इतिहासाचा चित्रकाराला उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. त्याच १८०५ सालात श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले गेले, आणि पुढे पुस्तकांच्या धंद्यात खिळा जिंकला. त्याने जिंकायलाच हवे होते. खिळे सोडवून पुन्हा जुळवता येतात, कोरलेला पत्रा एकाच पानाला जन्मभर बांधलेला राहतो. पण पुस्तकाला जी अडचण झाली तीच चित्राला लाभली. पत्र्यावर अक्षर आणि वेलबुट्टी यांच्यात भेद नसतो, दोन्ही एकाच हातच्या रेघा असतात. खिळ्याने अक्षराला चौकोनात बसवले, पत्र्याने त्याला रेघ म्हणून जगू दिले. म्हणूनच खिळे आल्यावरही नकाशे, देवादिकांची चित्रे आणि सह्यांचे ठसे यांच्यासाठी कोरीव पत्रे आणि शिळा राहिल्या. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळेवर. पुढे पुण्याची चित्रशाळा १८७८मध्ये निघाली तीही शिळाछापाच्याच बळावर, आणि तिची रामपंचायतने, नाना फडणविसांची चित्रे गावोगावच्या भिंतींवर गेली.

रेघेत भरलेला रंग

गीता छापणारा हात मिरजेतून नाहीसा झाला, पण त्याच्या जवळचा दुसरा हात तिथे आजही काम करतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी मिरजेत सतारी बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे घराणे. राजवटी बदलल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, आणि धातूची जाण असलेले हात भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे मिरजेतल्या सतारींच्या गल्लीचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. लिहिणाऱ्यांनी भोपळ्याचे, तारांचे, जवारीचे कौतुक केले आणि ते योग्यच. मुद्राचित्रकाराने मात्र तिथे गेल्यावर आधी तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीच्या, कडेची पांढरी पट्टी पाहावी.

ही पट्टी पूर्वी हस्तिदंताची किंवा हाडाची असे, आता सेल्युलॉइडची असते. कारागीर तिच्यावर बारीक कोरणीने वेल, पाने, फुले काढतो. कोरणी पुढे ढकलली जाते, पातळ भुगा वर येतो, मागे खोल रेघ राहते. वळण घेताना हाताइतकेच वाद्यही फिरवावे लागते. मग सगळ्या पट्टीवर काळा किंवा लाल रंग फासतात, तो रेघांमध्ये दाबून बसवतात आणि वरचा पुसून काढतात. पृष्ठभाग पुन्हा पांढराशुभ्र होतो, रंग फक्त कोरलेल्या खाचांत राहतो आणि इतका वेळ न दिसणारा वेल एकदम डोळ्यांत भरतो. तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापण्याची निम्मी क्रिया इथे पूर्ण झालेली असते. पट्टीवर ओला कागद ठेवून दाब दिला की खाचांतला रंग कागदावर येईल. तेवढी शेवटची पायरी इथे कोणी घेत नाही, कारण त्यांना वाद्य सजवायचे आहे, चित्राच्या प्रती काढायच्या नाहीत.

युरोपात ती पायरी पंधराव्या शतकात सोनारांच्या दुकानांत घेतली गेली. चांदीवर नक्षी कोरायची आणि रेघांत काळे मिश्रण वितळवून भरायचे, हे फ्लॉरेन्सच्या सोनारांचे रोजचे काम होते. मासो फिनिग्वेर्रा या सोनाराने आपली नक्षी कशी उतरली हे पाहण्यासाठी तिचा छाप कागदावर घेतला आणि त्यातून ताम्रमुद्रण जन्मले, अशी कथा चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वसारीने सांगितली आहे. पुढच्या अभ्यासकांनी ती जशीच्या तशी मानली नाही, आल्प्सच्या उत्तरेला ही विद्या आधीच चालू असल्याचे पुरावे त्यांनी दाखवले. पण जागेबद्दल दुमत नाही, ती सोनाराची पेढीच होती. मार्टिन शोनगाउअर सोनाराचा मुलगा. आल्ब्रेख्त ड्यूरर सोनाराचा मुलगा आणि बापाच्याच हाताखाली शिकलेला. कोरणी धरायची कशी, धातूत किती खोल जायचे, वळणावर जोर कुठे कमी करायचा, हे ड्यूररने चित्रशाळेत जाण्याआधी पेढीवर बसून घेतले होते. मिरजेच्या सतारीच्या गल्लीत बसलेला कारागीर नेमका या उंबरठ्यावर आहे. मुद्राचित्रकाराने त्याच्याकडे जावे ते एवढ्यासाठी.

यावरचा आक्षेप अधिक जड आहे. सतारीवरचा वेल ठरीव असतो, पिढ्यान्‌पिढ्या तोच. त्यात कलावंताचा स्वतःचा शोध नाही, मग त्यातून प्रेरणा कसली घ्यायची? वेल तोच असतो हे खरे, आणि तो उचलून आपल्या चित्रात ठेवला तर भेटकार्डाच्या पलीकडे काही हाती लागणार नाही. नक्षी उचलणे आणि रीत उचलणे यात फरक आहे. पाण्यात पान तरंगावे तशी ओघळणारी रेघ ब्रशने काढता येते. कोरणीची रेघ तशी नसते. ती बारीक सुरू होते, पोटात फुगते आणि टोकाला पुन्हा निमुळती होते, कारण हात धातूत शिरतो आणि बाहेर पडतो. ती रेघ कळल्यावर चित्रकार आपल्या शेतातली मेर, धरणाची भिंत, आजीच्या हातावरच्या शिरा नव्या तऱ्हेने काढू लागतो. विषय त्याचा स्वतःचा, स्वभाव रेघेचा.

शेवटची पायरी कशी असते तेही इथे सांगायला हवे, कारण मुद्राचित्र पाहणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी ती पाहिलेली नसते. पत्र्याच्या कडा कानशीने तिरक्या घासून घेतात, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. पत्रा कोमट करतात म्हणजे घट्ट शाई सैल पडते. ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने सगळीकडे ओढून रेघांत भरतात. मग खळ घातलेल्या जाळीदार कापडाचा बोळा गोल गोल फिरवत वरची शाई उचलतात. शेवटचा हात तळव्याचा. तळव्याला किंचित खडूची पूड लावून झरझर पुसतात. इथे एक हात कमी पडला तर चित्र राखट येते, एक जास्त पडला तर रेघेतली शाई ओढली जाऊन ती फिकट होते. कागद आधीच भिजवून टिपलेला असतो. पत्र्यावर कागद, कागदावर लोकरी घोंगडीचे थर आणि सगळे मिळून रुळांखालून सरकते. दाबाने ओला कागद खाचांत शिरतो, शाई घेऊन वर येतो. पुढच्या प्रतीसाठी हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. अशा वीस प्रती सारख्या काढणे म्हणजे वीसदा तेच चित्र पुसणे. प्रतीला नक्कल म्हणून हिणवणाऱ्याने हे एकदा उभे राहून पाहावे.

औंधच्या टेकडीवर

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला गेले की यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. बहात्तर गावांच्या त्यांच्या संस्थानात त्यांनी १९३८मध्ये हे संग्रहालय बांधले. रविवर्म्याची तैलचित्रे, धुरंधरांची चित्रे, बंगाली शैलीची चित्रे, लघुचित्रे, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूरचे माता-बालकाचे छोटे पाषाणशिल्प, असा ऐवज खटाव तालुक्याच्या माळरानावर आहे. दुष्काळी भागातल्या शाळांच्या सहली इथे येतात आणि मुले मूरसमोरून धावत पुढच्या दालनात जातात. त्यात मुलांचा दोष नाही, कारण त्या दगडाला कसे पाहावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मुद्राचित्रकाराने औंधला रविवर्म्यासमोर अधिक वेळ थांबावे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी रविवर्मा पाहिला तो छापलेला. त्याचा शिळाछापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळकेही काही काळ त्या छापखान्याशी जोडलेले होते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर शिळाछाप उभा असतो. सपाट चुनखडीच्या शिळेवर चिकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची, तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त खडूच्या खुणेला धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाची वेगळी शिळा लागते आणि सगळ्या एकाच कागदावर केसभरही न हलता उतराव्या लागतात. औंधला मूळ तैलचित्रासमोर उभे राहून कॅनव्हासवरचा रंगाचा थर पाहावा, आणि नंतर कोणाच्या तरी देवघरातली जुनी छापील लक्ष्मी किंवा सरस्वती भिंग लावून पाहावी. गालावरची जी कांती तैलचित्रात एका ओल्या फटकाऱ्याने येते, ती छापात गुलाबी, पिवळ्या आणि राखी ठिपक्यांच्या दाटीने उभी केलेली दिसते. ते ठिपके रविवर्म्याने दिलेले नाहीत. ते शिळेवर काम करणाऱ्या कारागिरांचे आहेत, आणि छापखान्यातली सगळी अक्कल त्या ठिपक्यांत आहे.

रविवर्म्याच्या छापांनी देशाची अभिरुची बिघडवली, अशी टीका त्या काळापासून झाली. शिवाय तैलचित्राची छापील आवृत्ती म्हणजे मुद्राचित्र नव्हेच, असे आजचे मुद्राचित्रकार म्हणतात. दुसरे म्हणणे मान्य केले पाहिजे. मुद्राचित्र सुरुवातीपासून पत्र्यासाठी किंवा शिळेसाठीच विचारात घेतलेले असते, त्याच्यामागे वेगळे ‘मूळ चित्र’ नसते. तरीही शिकणाऱ्याला रविवर्म्याचा छाप टाळून चालणार नाही. भाषांतर वाचून मूळ भाषेचे वळण कळत नाही, पण भाषांतरकार कुठे अडला आणि त्याने काय युक्ती केली हे मात्र कळते. बाळासाहेबांनी स्वतःही हा रस्ता चोखाळला होता. त्यांनी रंगवलेले चित्ररामायण १९१६मध्ये रंगीत छापून पुस्तकरूपाने आले. वेरूळ-अजिंठ्यावरची त्यांची पुस्तके अनुक्रमे १९२९ आणि १९३२ची. आपण काढलेले चित्र छापले गेले पाहिजे, रयतेच्या हातात पडले पाहिजे, ही त्या राजाची ओढ होती. संग्रहालय प्रशासनाने त्याचे चित्र, त्याचाच छापील कागद आणि शेजारी एक भिंग असा एकच कोपरा मांडला तरी छपाईवरच्या व्याख्यानाचे काम होईल.

वाडीचा छापखाना

याच राजाने आणखी दोन माणसांना जागा दिली आणि दोघेही मुळात चित्रकलेच्या वाटेवरचे होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंगांध असल्याचे ध्यानात आल्यावर ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. बेळगावहून हलावे लागले तेव्हा औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१०मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. जे. जे.चे चित्रकार, पुढे वेदांचे संशोधक. १९१८मध्ये ते औंधला आले आणि स्वाध्याय मंडळाचे ग्रंथ औंधच्याच भारत मुद्रणालयात छापू लागले. वेदमंत्रांवरचे स्वर दाखवणाऱ्या उभ्या-आडव्या रेघा अक्षरांच्या वर-खाली नेमक्या बसवणे हे खिळे जुळवणाऱ्याच्या कसोटीचे काम, आणि ते औंधसारख्या लहान गावात होत होते.

किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, मग १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’. शंकरराव चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. त्यामुळे या मासिकांत चित्र हे रिकामी जागा भरायला आलेले नसे, ते मजकुराइतक्याच जबाबदारीने येई. नांगराच्या कारखान्याशेजारी छापखाना होता. ओतशाळेत लोखंड साच्यात पडत होते आणि भिंतीपलीकडे चित्राचे ठोकळे शाई घेत होते. साचा एकदा नीट झाला की त्यातून हवे तितके नग निघतात, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. दिवाळी अंकाची प्रथा १९०९च्या ‘मनोरंजन’पासून धरली तर मराठी वाचकाने शंभराहून अधिक वर्षे छापलेले चित्र दर दिवाळीला घरी आणले आहे. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे लोकांनी जपली ती छापील कागदावरचीच, मूळ चित्र किती जणांनी पाहिले? छापलेल्या कागदावर प्रेम करायला या समाजाला शिकवावे लागणार नाही.

किर्लोस्करवाडीचा धागा आणखी एका कारणाने महत्त्वाचा. मुद्राचित्राच्या कार्यशाळेची मोठी अडचण म्हणून नेहमी यंत्राचे नाव घेतले जाते. ताम्रमुद्रणाचा प्रेस कुठून आणायचा? तो आहे काय हे पाहिले तर अडचण हलकी होते. एकावर एक दोन पोलादी रूळ, त्यांच्यामधून सरकणारा सपाट पाट, दाब कमी-जास्त करायला दोन बाजूंना दोन स्क्रू आणि फिरवायला चाक. म्हणजे जवळजवळ उसाचा चरकच, फक्त उसाच्या जागी पत्रा आणि कागद. किर्लोस्करांनी सुरुवातीच्या काळात नांगर आणि कडबाकापणीच्या यंत्राबरोबर उसाचे चरकही बनवले. आज कुपवाड, मिरज, पलूस इथल्या कारखान्यांत याहून कितीतरी अवघड कामे रोज लेथवर होतात. रूळ अचूक गोल आणि पाट अचूक सपाट मिळाला की बाकीचे जोडकाम एखाद्या हुशार फिटरच्या आवाक्यातले आहे. बाहेरून यंत्र मागवून वर्षानुवर्षे निधीची वाट पाहण्याची गरज या जिल्ह्यांना नाही.

प्रदर्शनात काय पाहावे

याचा अर्थ प्रदर्शने टाळावीत असा नाही. राज्य कला प्रदर्शनात मुद्राचित्रणाचा वेगळा विभाग असतो. ललित कला अकादमीने २०१८पासून मुद्राचित्रांची द्वैवार्षिकी सुरू केली आहे. तिथे जावे, पण पाहण्याची रीत थोडी बदलावी. चित्राखाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ३/२० असे काही लिहिलेले असते, त्याचा अर्थ वीस प्रतींतली तिसरी. उजवीकडे सही. आवृत्ती पूर्ण झाली की प्रामाणिक चित्रकार पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करतो. चित्राभोवती कागद दबलेला दिसला तर ते पत्र्यावरून आले आहे. रेघ कागदाच्या वर उठून आल्यासारखी बोटाला जाणवेल अशी असेल तर ती कोरलेली किंवा आम्लाने खाल्लेली आहे. काळ्या भागात लाकडाच्या शिरा दिसल्या तर काष्ठठसा, सपाट मऊ काळे दिसले तर लिनो, म्हणजे मऊ लिनोलियमवर कोरलेला ठसा. एवढे ओळखता आले की चित्रासमोर उभे राहून ‘छान आहे’च्या पुढे जाता येते. हे केले कसे, आणि असेच का केले, हे प्रश्न पडू लागतात.

अडचण अशी की बहुतेक प्रदर्शनांत या प्रश्नांना उत्तर द्यायला काहीच ठेवलेले नसते. काचेमागे कागद, खाली नाव, किंमत. पत्रा नाही, ठोकळा नाही, पहिला फसलेला छाप नाही. तैलचित्राच्या प्रदर्शनाची मांडणी मुद्राचित्राला तशीच लावल्याने हे झाले आहे. कागदाशेजारी त्याचा शाईने माखलेला ठोकळा मांडला तर पाहणाऱ्याला उलटे आणि सुलटे एकाच वेळी दिसते आणि सगळे कोडे न बोलता सुटते. काही चित्रकार म्हणतात, पत्रा दाखवला तर चित्राचे गूढ जाते, पाहणारा तंत्रातच अडकतो. पण गूढ जपल्याने मुद्राचित्राचे भले झालेले दिसत नाही. ते छापील फोटोसारखे काहीतरी आहे अशी समजूत तेवढी पक्की झाली. ‘एकाच्या वीस प्रती आहेत, मग पैसे का द्यायचे?’ असे विचारणारा गिऱ्हाईक दुष्ट नसतो, त्याला पुसणारा तळवा कोणी दाखवलेला नसतो.

कार्यशाळा आधी का

चौकाचौकातल्या फ्लेक्सकडे बोट दाखवून कोणी विचारील की छापणे आता इतके स्वस्त झाले असताना तांब्यात डोके कशाला घालायचे. फ्लेक्स संगणकातून थेट कापडावर जातो, मध्ये ठोकळा नाही आणि हातही नाही. त्याने रंगाऱ्यांचा धंदा नेला हे दुःखद आहे, पण मुद्राचित्राशी त्याची स्पर्धाच नाही. शेजारच्या दुकानातले स्क्रीन प्रिंटिंग मात्र वेगळे. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारा माणूस लाकडी चौकटीला ताणलेल्या जाळीवरून रबरी पट्टीने शाई ओढतो. हीच रीत जगभरच्या चित्रकारांनी सेरिग्राफीसाठी घेतली आहे. सांगलीच्या पेठेतला असा दुकानदार आणि एखाद्या कला महाविद्यालयाचा विद्यार्थी यांनी एक आठवडा एकत्र काम केले तर दोघांचाही फायदा आहे, आणि त्यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही.

लहान सुरुवातीला याहूनही कमी लागते. चित्तप्रसाद हा थोर मुद्राचित्रकार अंधेरीत अत्यंत गरिबीत राहिला आणि लिनोवर कोरत राहिला. कष्टकरी मुलांवरची त्याची लिनोची चित्रमालिका आज देशाचा ठेवा आहे. लिनोला ना आम्ल लागते ना भारी यंत्र, कागदाच्या पाठीवर चमचा घासूनही छाप उतरतो. आपल्या शाळांत भेंडीचे आणि पानांचे ठसे मुले पहिली-दुसरीतच घेतात, आणि मग ठसेकाम जे सुटते ते कायमचे. शाळेतला ठसा आणि महाविद्यालयातले मुद्राचित्रण यांच्यामध्ये दहा-बारा वर्षांची जी पोकळी आहे, तीत लिनो नीट बसतो.

कार्यशाळा चालवायला पैसा लागेल, आणि ती बंद पडायला दोन वर्षे पुरतील, ही भीती खरी आहे. सरकारी निधीवर उभ्या राहिलेल्या अनेक कलासंस्थांत यंत्रे झाकून ठेवलेली दिसतात. म्हणून ती एकट्या चित्रकारांच्या भरवशावर सोडू नये. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला तिथे नवे काम मिळाले पाहिजे, सतारीच्या कारागिराला कोरणीचे पैसे मिळाले पाहिजेत, चित्रकाराला प्रेस वापरायला मिळाला पाहिजे. तरच प्रत्येकाला ती चालू राहण्यात रस राहील. आणि इथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी. चित्रकाराने काढलेली रेघ मिरजेच्या कारागिराने तांब्यावर कोरली आणि तिसऱ्याने ती छापली, तर कागदाखाली नाव कोणाचे? युरोपातल्या जुन्या ताम्रमुद्रांवर चित्र काढणारा, कोरणारा आणि छापून प्रसिद्ध करणारा यांची नावे अनेकदा वेगवेगळी दिलेली असतात. जपानी काष्ठमुद्रांमागेही चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक असे चौघे असत, तरी जगाने लक्षात ठेवले ते बहुधा चित्रकारालाच. इथल्या कार्यशाळेने समासात तिन्ही नावे पेन्सिलीने लिहावीत, आणि प्रत विकली गेली की तिन्ही नावांना पैसे जावेत.